उकाड्यातली लोकर

काकींच्या सुनेला दिवस गेल्याची बातमी आमच्या आळीत त्या सुनेच्याही आधी पोचली. पुरावा एवढाच की, काकी बाजारपेठेतून पिशवीभर लोकर घेऊन येताना दिसल्या होत्या. ऑक्टोबरचा महिना, महाडचा उकाडा, शेतात भात पिवळं पडलेलं, वारा ठार बंद, आणि अशात सत्तरीची बाई लोकर घेते म्हणजे दुसरं काय असणार? वरच्या आळीच्या वहिनींनी तर झबल्या-टोपड्याचा रंगही ठरवून टाकला. पिवळा. मुलगा होवो की मुलगी, पिवळा चालतो.

मला कुठचं राहवतंय! आमच्या आणि काकींच्या परसाच्या मध्ये चिऱ्यांचा गडगा आहे, कमरेएवढा. एका टोकाला आमची जास्वंद, दुसऱ्या टोकाला त्यांचा शेवगा, आणि मधली मोकळी जागा जगाच्या उठाठेवी करायला.

"काकी, पेढे कधी?"

"कसले गं?"

"लोकर आणलीत म्हणे."

काकींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आत गेल्या आणि विणकामच उचलून घेऊन आल्या. गडग्यावर पसरलं. राखाडी पट्टा, शेवाळी पट्टा, परत राखाडी. रुंदी चांगली तीन फूट.

"हे टोपडं दिसतंय का तुला? एवढ्या डोक्याचं पोर झालं तर सून मला घरात ठेवील का? आणि बाळंतविडा जन्माआधी करतात का आपल्यात? वरच्या आळीच्या बाईला दोन मुलं झाली, तरी एवढंही कळू नये?"

"मग कोणासाठी?"

"वन्संसाठी. पोलादपूरच्या. कॅन्सर झालाय त्यांना, छातीचा. गणपतीच्या आधी ऑपरेशन झालं. आता केमो."

काकींनी हे नेहमीच्या आवाजात सांगितलं. मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडे काही शब्द पदर तोंडाशी नेऊनच उच्चारायचे असतात. कॅन्सरला कॅन्सर कोणी म्हणत नाही, 'ते' म्हणतात. 'त्यांना ते निघालं.' जणू मोठ्यानं नाव घेतलं तर ते ऐकेल आणि आपल्याही घराकडे वळेल. काकी शाळेत शिवणाच्या बाई होत्या. कार्यानुभवाच्या तासाला पन्नास पोरींच्या वर आवाज चढवायची सवय, त्यामुळे त्यांना कुजबुजता येतच नाही. त्यांचं गुपित सांगून झालं की, समोरचा वाणीदेखील मान हलवतो.

"पण काकी, ऑक्टोबरात ब्लँकेट?"

"तिथे बसून बघ म्हणजे कळेल. औषध चढवायच्या हॉलमध्ये एसी. तो लागतोच म्हणतात. चार-चार तास हाताला सुई लावून बसायचं, हलायचं नाही, थंडगार पाणी शिरेतून आत जातंय. वन्संची हाडं आधीच निघालेली. बाहेर पनवेलचं ऊन आणि आत आषाढातलं महाबळेश्वर. पहिल्या वेळी मी गेले होते सोबत. माझा पदर घातला त्यांच्या पायावर. पदर किती पुरणार?"

कोकणातल्या माणसाला हा आजार झाला की वाट ठरलेली. पूर्वी एकच, परळची. टाटांचं इस्पितळ तिथे १९४१पासून आहे. आता नवी मुंबईकडेही सोय झाली आहे, पण पोलादपुरातून पहाटेची गाडी पकडायची, माणगाव, इंदापूर, वडखळ करत महामार्गाच्या खड्ड्यांची पूजा बांधत जायचं आणि रात्री परत यायचं, हे काही चुकत नाही. दर तीन आठवड्यांनी. निरोगी माणूस आजारी पडेल असा तो प्रवास.

"विकत मिळतात की," मी म्हटलं. "चार-पाचशेत गुबगुबीत ब्लँकेट मिळतं."

ही माझी चूक नव्हती, खुंटा हलवून बघणं होतं. काकींना बोलतं करायचं तर त्यांच्या हातकामाला बाजारभाव लावावा.

"मिळतं ना. ते घेऊन एसटीत चढ आणि दाखव मला. पिशवीत मावत नाही, धुतलं तर चार दिवस वाळत नाही, आणि दर वेळी इस्पितळात नेलं म्हणजे दर वेळी धुवायला हवं. केमोवाल्या माणसाला जंतू चालत नाहीत." मग त्यांनी विणकामाचा कोपरा माझ्या हातात दिला. "यात बोट घाल. जातं का?"

जात नव्हतं.

"का नाही जात? मुद्दाम जाळीचं नाही केलं. क्रोशा म्हटलं की सगळ्यांना जाळी दिसते, फुलं दिसतात, झालर हवी असते. इथे सलाइनची नळी आहे. ती जाळीत अडकली आणि वन्संनी हात हलवला की सुई निघालीच. म्हणून नुसता अर्धा खांब. अर्धा खांब, अर्धा खांब, ओळ संपली की दोन साखळ्या, उलटं वळायचं, परत अर्धा खांब. शेवटी कडेनं मुक्या खांबाची एक ओळ. कंटाळवाणं काम आहे. पण हलकं होतं, मऊ पडतं. पाच मिलिमीटरची सुई घेतलीय. याहून बारीक घेतली असती तर पुठ्ठा झाला असता."

ज्यांच्या हातात कधी ही आकडी आली नाही त्यांच्यासाठी: क्रोशाला एकच सुई, तिच्या टोकाला वाकडी चोच. दोन सुयांच्या विणकामात पन्नास-शंभर टाके एका वेळी सुईवर जिवंत असतात, सुई निसटली की सगळे धावत सुटतात. क्रोशात सुईवर शेवटचा एकच फास जिवंत. बाकीचे मागे बसलेले. त्यामुळे दार वाजलं, कुकरची शिट्टी झाली, दूधवाला आला, तर विणकाम तसंच टाकून उठता येतं. संसारी बाईसाठीच कुणीतरी शोधून काढलेलं वाटतं. आणि स्वेटर मशीनवर निघतात, पण खरा क्रोशा मशीनवर कारखान्यात अजून निघत नाही. क्रोशाचं म्हणून जे काही हाती येतं ते कुठल्या तरी बाईच्या मनगटानं केलेलं असतं, नाहीतर ते क्रोशासारखं दिसणारं दुसरंच काही असतं.

काकींच्या घरी एके काळी याच मनगटानं रेडिओवर रुमाल होता, टीव्हीवर रुमाल होता, पाण्याच्या तांब्यावर मणी लावलेली झाकणी होती, दारावर तोरण होतं. मग टीव्ही चपटा होऊन भिंतीला चिकटला आणि रुमाल घालायला जागाच उरली नाही. एका कलेला लागलेल्या उतरतीचं हे कारण कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही, पण आमच्या आळीत तरी तेच खरं.

तेवढ्यात वरच्या आळीच्या वहिनी आल्याच. बातमी त्यांची, तिचं काय झालं हे बघायला त्यांनाच यावं लागणार. काकींनी त्यांनाही त्याच आवाजात सगळं सांगितलं. वहिनींचा चेहरा पडला. मग लगेच सावरून त्या औषधांकडे वळल्या. गव्हांकुराचा रस, पपईचा पाला, कोणाच्या तरी मेहुण्याला गुण आला तो वैदू.

"वहिनी," काकी म्हणाल्या, "तुम्ही वन्संना भेटायला जाल तेव्हा एक करा. काही सांगू नका. माणसं आजाऱ्याला भेटायला जातात आणि त्याच आजारानं आपल्या घरात कोण कोण गेलं ते मोजून सांगतात. परवा एक बाई दोन सफरचंदं ठेवून गेली आणि तीन मयतं ऐकवून गेली. वन्सं म्हणतात, सफरचंदं परत न्या पण गप्प बसा."

वहिनी गप्प बसल्या. हे फार वेळ टिकणार नाही हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"मी म्हणते, गोधडी का नाही शिवलीत?" त्या म्हणाल्याच. "आपली पद्धत गोधडीची. पातळाची ऊब ती पातळाची. हे लोकर-बिकर आपल्या हवेतलं नाही."

आता इथे वहिनींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मेंढी आमच्या पावसात जगत नाही, म्हणून लोकर आमची नव्हेच. घोंगडी आली ती घाटावरून, आणि थंडी घालवण्यापेक्षा पावसात डोक्यावर घ्यायलाच तिचा उपयोग जास्त. घरात पांघरायला गोधडीच. जुन्या पातळांचे थर, कडेपासून आत धावदोरा घालत न्यायचा. पण गोधडीचा विषय काकींपुढे काढायचा नसतो. नव्यानं आलेल्या वहिनींना ते माहीत नव्हतं. त्या २०२१नंतर आल्या इथे.

काकींनी सुई थांबवली नाही.

"होत्या ना गोधड्या. सहा होत्या. त्यातली एक सासूबाईंच्या इरकली पातळाची."

२०२१च्या जुलैत, २२-२३ तारखेला, महाबळेश्वरावर चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या घरात पाऊस झाला. तिथे पडतं ते पाणी सावित्री पोलादपुरावरून आमच्याच दारात आणते. महाडला गांधारी येऊन मिळते. खाली बाणकोटच्या खाडीला भरती लागली असेल तर पाण्याला पुढे वाट नाही, ते फुगतं आणि शहरात शिरतं. हा भूगोल महाडच्या पोराला शाळेत घालायच्या आधी पाठ असतो. आमचा तळमजला गेला, काकींचाही गेला. पाणी उतरलं तेव्हा वीतभर चिखल होता.

"भिजलेली गोधडी कधी उचललीयत?" काकी वहिनींना विचारत होत्या. "दोघींना उचलत नाही. चार-पाच थर आत, त्यात नदीचा गाळ जाऊन बसतो. वरून धू, बडव, पाणी काळंच निघतं. आणि वाळवायची कुठे? आषाढ-श्रावणात ऊन कुठलं? तिसऱ्या दिवशी वास सुटला. मीच नेऊन टाकली रस्त्यावरच्या ढिगात. सासूबाईंची पण. वरून म्युनिसिपालटीचा डंपर आला."

पुराच्याच दिवशी तालुक्यातलं तळिये गाव डोंगराखाली गेलं होतं. पोलादपुरात साखर सुतारवाडी, केवनाळे. गावोगाव माणसं शोधणं चाललं होतं. गोधडीसाठी कोण रडणार? लाज वाटली असती. काकी रडल्या त्या दिवाळीत, पहिल्या थंडीला, कपाट उघडलं आणि सवयीनं खालच्या खणाकडे हात गेला तेव्हा. मला गडग्यावरून ऐकू आलं. मी ऐकलं नाहीसं केलं.

"मग मदतीची ब्लँकेटं आली," काकी पुढे म्हणाल्या. "करडी, टोचणारी. पण आली ती बरी झाली. ती कुठची होती माहितेय? पानिपतची. जगभरच्या टाकलेल्या लोकरी कपड्यांचे धागे करून तिथे परत विणतात, आणि देशात कुठे पूर आला, भूकंप झाला की ट्रक निघतात. आमचे हे म्हणायचे, पानिपताहून मराठी माणसाकडे काही चांगलं आलं असेल तर १७६१नंतर हे पहिलंच."

काका गेल्याला दोन वर्षं झाली. त्यांचा विनोद काकी अजून त्यांच्याच सुरात सांगतात, शेवटच्या शब्दावर मान हलवून.

"त्या ब्लँकेटावरूनच मला कळलं," त्या म्हणाल्या. "चिखलात पडलेलं एक मी बादलीत धुतलं, पिळलं, आणि गोधडी वाळलीच नाही तिथे ते पंख्याखाली दोन दिवसांत वाळलं. हे तर त्याहून हलकं. रात्री टाकलं तर सकाळी कोरडं. अॅक्रिलिक आहे हे, अस्सल लोकर नव्हे. अस्सल आपल्या हवेला नकोच. पावसाळ्यात कुबट वास धरते, कसर खाते. याला कसर तोंड लावत नाही. दोनच पथ्यं, इस्त्री नाही आणि समईजवळ न्यायचं नाही. पेटलं तर वितळून अंगाला चिकटतं."

वहिनींनी तोवर ब्लँकेट आपल्या मांडीवर ओढून घेतलं होतं. या उकाड्यात. कपाळावर घाम आणि हात लोकरीत. मी बघत होते, पण बोलले नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी म्हावरेवाली आली. दासगावकडची मावशी, डोक्यावर पाटी, आल्या आल्या गडग्यावर ठेवणार. काकींचं काम तिथेच पडलेलं. तिचे वडील, नवरा, दीर सगळे खाडीत जाळं टाकणारे, म्हणून तिनं बांगड्यांच्या आधी टाका बघितला.

"वयनी, याला गाठ कुठं हाय?"

"नाहीच गाठ."

"गाठीबिगर कसं थांबेल?"

काकींनी सुई बाजूला काढली आणि धागा ओढला. सर्र करत अर्धी ओळ गेली. परत ओढला, उरलेली गेली. मावशीनं तोंडाला हात लावला.

"अगो बाई! असं जाळं विणलं तर मासं हासतील."

"म्हणून तुमच्या जाळ्याला प्रत्येक घराला गाठ. एक तुटलं तरी दुसरं धरून राहतं," काकी म्हणाल्या. "हे शेवटपर्यंत असंच. संपलं की शेवटच्या फासातून धागा ओढून घ्यायचा, मग जात नाही कुठे. चुकलं तर मात्र पार पहिल्या साखळीपर्यंत उसवता येतं. लोकर परत गुंड्याला. नुकसान नाही काही."

मावशीनं बांगडे नेहमीपेक्षा दोन जास्त टाकले. कोणासाठी विणताय ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे आळीला सगळं पोचलेलं होतं.

मधल्या काळात वहिनींनी मोबाइलवर अभ्यास वाढवला होता. रोज नवी माहिती. एके दिवशी धावत आल्या, "काकी, २०१६ साली चेन्नईत बायकांनी मिळून क्रोशाचं सगळ्यात मोठं ब्लँकेट केलं, गिनेसमध्ये नाव आहे. 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' त्यांचं नाव. किती माहितेय? ११,१४८ चौरस मीटर!"

"गुंठ्यात सांगा," काकी म्हणाल्या.

मी हिशेब केला. एकशे दहा गुंठे.

"एकशे दहा गुंठे! आमची अख्खी वाटणी झाली तेव्हा चार भावांत मिळून एवढी जमीन नव्हती. कज्जा झाला असता त्या ब्लँकेटावरून."

वहिनी हटल्या नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठातल्या बायकांनी क्रोशा करणाऱ्या आठ हजारांवर लोकांना प्रश्न विचारले, ८७ देशांतल्या, आणि बहुतेकांनी सांगितलं की विणलं की मन शांत होतं. २०२०मध्ये छापून आलंय.

"हे विचारायला ऑस्ट्रेलिया कशाला? माझ्या सुनेला विचारा. मी सुई हातात घेतली की घर शांत होतं."

सून आतून हसली. ती दिवसच न गेलेली सून.

पण काकींना यातलं आपलंही काही ठाऊक होतं आणि ते त्यांनी एका संध्याकाळी काढलं. आयर्लंडमध्ये १८४५पासून बटाट्यावर रोग पडला, लाखो माणसं भुकेनं मेली, तेव्हा तिथल्या मठांतल्या जोगिणींनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि ती विकून घरं जगली. आपल्याकडे गोदावरी जिथे समुद्राला मिळते त्या बाजूला, आंध्रातल्या नरसापूरला, मिशनऱ्यांनी शिकवलेला क्रोशा तिथल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवला; २०२४मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. "पण त्या पैशासाठी करतात हो," काकी म्हणाल्या, "आणि करणाऱ्या बाईच्या हाती फारसं काही पडत नाही, मधलाच खातो. मला कोणी मजुरी लावून हे करायला सांगितलं असतं तर दुसऱ्या ओळीला सुई फेकली असती."

त्याच संध्याकाळी आणखी एक बोलणं झालं. ते मात्र मी आवाज खाली आणून विचारलं, काकींना सवय नसली तरी मला आहे. वन्संचं, म्हणजे पोलादपूरच्या आत्यांचं, एका बाजूचं काढलं ना, मग ब्लाउजचं काय करतात?

"रुमाल कोंबतात," काकी म्हणाल्या. "एसटीत हात वर केला की सरकतो. म्हणून त्या उभ्यानं प्रवास करत नाहीत, आणि लग्नाकार्याला जात नाहीत. आजारापेक्षा त्याचंच जास्त घेतलंय त्यांनी."

मग त्यांनी ब्लँकेटाच्या खालून एक सुती दोऱ्याचं गोल, फुगीर, वाटीएवढं काम काढलं. मुंबईला साइशा इंडिया फाउंडेशन म्हणून आहे, तिथे बायका क्रोशानं आणि विणून अशी कृत्रिम छाती करतात, सुती, आत हलका कापूस, आणि ज्यांना हवी त्यांना फुकट देतात. दुकानातली महाग, वर जड आणि घामानं चिकटणारी. ही धुता येते, आतला कापूस कमी-जास्त करता येतो. काकींनी भाचीकडून नमुना समजून घेतला होता. "इथे लोकर चालायची नाही, कातडीला टोचते. सुतीच हवं. आणि जखम पुरी भरल्याशिवाय वापरायची नाही. डॉक्टरीणबाईंना विचारून मग देईन."

मी ते हातात घेतलं. मधोमध वर्तुळाची सुरुवात, तिथून टाके वाढवत वाढवत बाहेर नेलेले, पुढे वाढवणं थांबवून सरळ उभे. शाळेत टोपी शिकवतात त्याच पद्धतीनं. पण शाळेतल्या टोपीसारखी एकही ओळ वाकडी नव्हती. काकींनी ते परत घेतलं आणि ब्लँकेटाखाली सरकवलं, कारण समोरून वाणी येत होता. आवाज खाली न आणणाऱ्या बाईनं इथे हात मात्र झाकला.

ब्लँकेटाच्या मापावरून शेवटी भांडण झालंच. तीन बाय चार फूट, काकींचा निर्णय. लोकर सहाशे ग्रॅम. वहिनींचं म्हणणं, एवढं आखूड देऊ नका, चिकटपणा दिसतो. पलंगभर करा, किलोभर लोकर घ्या, लागले तर पैसे मी घालते. काकींचं म्हणणं, पलंगावर पांघरायला घरात पुष्कळ आहे. हे खुर्चीत बसून मांडीवर घ्यायचं आहे, लांब झालं तर फरशीवर लोळेल आणि फरशी इस्पितळाची. मी काकींच्या बाजूची. भेट म्हणजे देणाऱ्याची मापं नव्हेत. आहेरात आलेली बारा ताटं आणि सहा घड्याळं माळ्यावर ठेवणाऱ्या आपण सगळ्याजणी, आपल्याला हे कळायला हवं.

आणि खरं कारण वेगळंच होतं. शेवाळी लोकर संपली होती. दुकानात तोच रंग होता, तोच नंबर होता, पण लॉट वेगळा. काकींनी दोन्ही गुंडे उन्हात धरून दाखवले. सावलीत एक, उन्हात दोन. "वन्संना दिसणार नाही, पण मला दिसेल," म्हणून त्यांनी तिथेच कड घालून टाकली.

तुळशीच्या लग्नानंतरच्या फेरीला ब्लँकेट गेलं. काकींचा मुलगा पोलादपूरला नेऊन देऊन आला. कागदात गुंडाळलं नाही, रिबीन नाही. नायलॉनच्या पिशवीत, जी इस्पितळातही नेता येईल. मग आम्ही तिघी फोनची वाट बघत बसलो. फोन येईना. एक फेरी झाली, दुसरी झाली. वहिनी रोज विचारायच्या. काकी म्हणायच्या, अंगात त्राण नसेल. पण शेवग्याच्या शेंगा काढताना काठी जरा जास्तच जोरात मारायच्या.

मग आला एकदा. काकी परसातच होत्या, हात मातीचे, म्हणून फोन गडग्यावर ठेवून आवाज मोठा केला. आत्यांचा आवाज खोल गेलेला, पण बोलणं तेच पोलादपुरी.

"अगो, ब्लँकेट मिळालं. रंग म्हातारा आहे."

काकी बघतच राहिल्या.

"राखाडी काय घेतलंस? मी म्हातारी म्हणून? जरा लाल-बिल घ्यायचं. बाजूच्या खुर्चीवरची बाई विचारते, तुमच्या घरी सुतक आहे का. आणि पाय उघडे पडतात. मी पाय वर घेऊन बसते, माहीत नाही का तुला? चाळीस वर्षं बघतेयस."

"वन्सं, मांडीपुरतं..."

"मांडीला थंडी वाजत नाही गो, तळपायाला वाजते. मुंग्या येतात तळपायाला, औषधानं. आणि मोबाइल ठेवायला कप्पा नाही याला. फाइल धरू की फोन धरू की हे? गाडीत पण घेते, घरी पण घेते, रात्री लेक काढून ठेवतो धुवायला तर मला झोप नाही. एवढं केलंस तर पाय झाकतील असं करायचं."

"मग परत पाठवा," काकी म्हणाल्या. "कड उसवून खाली ओळी वाढवते."

"पाठवत नाही. तू ये इथे आणि बसून वाढव. पुढली फेरी मंगळवारी आहे. त्याच्या आधी हवं."

फोन बंद झाला. वहिनींनी डोळे मोठे केले. "बघा! एवढं करून वर नावं ठेवतात. मी असते तर..."

"तुम्ही किलोभर लोकर देणार होतात ना?" काकी म्हणाल्या. "लाल आणा. लॉटचा प्रश्न नाही, पायाकडे वेगळा पट्टाच होईल. कप्पा राखाडीचा. आणि तू," हे मला, "उद्या महाडात मिळालं नाही तर तुझ्या नणंदेला पुण्यात फोन कर, बोहरी आळीतून घेऊन रात्रीच्या गाडीनं पाठवायला सांग. भडक लाल. कुंकवासारखं नको, मिरचीसारखं."

"किती गुंडे?"

काकींनी गडग्यावर वीत टाकायला सुरुवात केली. एक, दोन. मग थांबल्या आणि वहिनींना म्हणाल्या, "पाय वर घेऊन बसा बघू जरा गडग्यावर. तुम्ही वन्संएवढ्याच उंच आहात."

वहिनी साडी सावरून चढल्या.